भिंत पाडण्याआधी फरशी बघा : दादरमधल्या एका जुन्या फ्लॅटचं प्रकरण

दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत, पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. इमारत १९३० च्या दशकाच्या अखेरची. तळमजला अधिक दोन, लिफ्ट नाही, जिन्याला टेराझोच्या (सिमेंटमध्ये संगमरवरी खडी घालून घासलेल्या) पायऱ्या आणि सागवानी कठडा. राहणारी माणसं पाच : आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नात. मागण्या तीन. बैठकीची खोली आणि मधली खोली एक करायची, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नव्या पद्धतीचं हवं, आणि “घर जुनं वाटलं पाहिजे, जुनाट नाही.” तिसरी मागणी ऐकायला सोपी, पण पहिल्या दोन्ही कामांची वाट तिनेच अडवली.

ही वस्ती कशी झाली ते थोडक्यात सांगायला हवं, कारण घराच्या आतल्या बऱ्याच गोष्टी तिथूनच येतात. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंगा योजना त्याचीच : रुंद रस्ते, इमारतीभोवती मोकळी जागा, दोन-तीन मजल्यांची उंची. चाळीतून आलेल्या मध्यमवर्गीयाला इथे स्वतःच्या दाराआड संडास-न्हाणीघर मिळालं. आर्ट डेको पद्धतीचे गोलाई घेतलेले सज्जे, खिडकीवर भुवईसारखा छज्जा, जाळीत भौमितिक नक्षी, आणि आत रंगीत सिमेंटच्या फरश्या. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला आर्ट डेको समूह ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हचा. दादरला ते कवच नाही. इथल्या प्रत्येक सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय कधी ना कधी निघतोच. म्हणून या घरात खर्च करताना एक अट आधीच घातली होती : उद्या इमारत पाडायची वेळ आली तर दारं, कपाटं, दिवे आणि जमेल तेवढी फरशी काढून नेता आली पाहिजे.

पहिला आराखडा का बाद झाला

घरच्यांनी आधी एका ठेकेदाराकडून आराखडा करून घेतला होता. मधली भिंत पूर्ण पाडायची, जुन्या फरशीवरच दोन बाय चारच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, आणि ‘जुनेपणा’साठी एका भिंतीला विटांचा वॉलपेपर. शेवटच्या कलमावर हसू येईल, पण घातक होतं ते दुसरं कलम.

१० मिलिमीटर टाइल आणि खाली २० मिलिमीटर माल धरला तर चौरस मीटरला साधारण ६० किलो वजन वाढतं. खोल्यांची फरशी ६५० चौरस फूट, म्हणजे सुमारे ६० चौरस मीटर. साडेतीन टनांहून जास्त बोजा ऐंशीच्या घरात गेलेल्या स्लॅबवर, कायमचा. शिवाय फरशी सव्वा इंच वर आली की सगळी दारं खालून कापावी लागतात, न्हाणीघराचा उंबरठा नाहीसा होतो आणि पाणी खोलीत यायला मोकळं होतं. फॉल्स सीलिंगमुळे ११ फुटांची उंची साडेनऊवर आली असती, आणि कडेची प्लास्टरची कॉर्निस पीओपीच्या खिळ्यांनी फुटली असती ती वेगळीच.

दुसरा आराखडा फरशीवरून सुरू केला. आधी सगळं सामान खोल्यांच्या मध्यभागी ओढलं, कडा उघड्या केल्या आणि प्रत्येक खोलीची फरशी ओळीने मोजून कागदावर उतरवली.

बैठकीची खोली १६ बाय १२. आठ इंची फरश्या. मध्ये फिकट पिवळसर आणि विटकरी अष्टकोन, त्यांच्यामध्ये करडी-हिरवी चौकट, आणि चारी बाजूंनी दोन फरश्या रुंद किनार. मधली खोली १२ बाय ११. तिथे करड्या फरशीवर लहान चांदणी आणि किनार एकाच फरशीची. त्या काळी खोली हे एकक धरून फरशी बसवत. म्हणजे मधली भिंत गेली की दोन किनारी समोरासमोर येणार आणि मध्ये भिंतीच्या जाडीचा सहा इंची उघडा पट्टा राहणार. वरून भिंत नाहीशी झाली तरी खाली ती दिसतच राहते. लेव्हल पाइप लावल्यावर आणखी एक गोष्ट कळली : मधली खोली ११ मिलिमीटरने उंच होती.

किनारी उखडून दोन्ही नक्ष्या एकमेकींत मिसळायच्या, ही सूचना ठेकेदाराची. त्यासाठी लागणाऱ्या शंभराहून अधिक नव्या फरश्या जुन्या रंगाशी कधीच जुळल्या नसत्या. सागवानी पट्टी टाकायची, ही सूचना घरच्यांची. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात दोन्ही कडांना फट सोडते. शेवटी ठरलं ते असं : भिंत सगळी पाडायची नाही. १२ फुटांपैकी मधले ७ फूट उघडायचे, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट भिंत ठेवायची, वरही ८ फुटांच्या पुढची ३ फूट भिंत राहू द्यायची. मोठी, पण कमान नसलेली चौकट म्हणा. मग दोन खोल्या दोनच राहतात, फरशीच्या किनारींना अर्थ राहतो, आणि मधला पट्टा उंबरठ्यासारखा शोभतो.

साडेचार इंची भिंत

मुंबईत एक समज पक्का आहे : साडेचार इंची भिंत म्हणजे पार्टिशन, ती कधीही पाडा. बांधली तेव्हा ते खरं असेल. पण ऐंशी वर्षांत स्लॅब थोडा खाली येतो आणि भिंतीच्या माथ्यावर टेकतो. भिंतीने बोजा घेतलेला असतो, नकाशात तो दिसत नाही. इथे तीन ठिकाणी फूटभर प्लास्टर काढून पाहिलं. अर्धी वीट, चुन्याचा माल, आणि माथ्याला स्लॅबशी कागदही सरकणार नाही इतकी घट्ट सांध. दोरी ताणून मोजल्यावर स्लॅबला ९ मिलिमीटरची झोळ.

स्ट्रक्चरल इंजिनीअरने दोन आयएसएमसी १२५ चॅनल (१२५ मिलिमीटर उंचीचे, इंग्रजी ‘सी’ आकाराचे लोखंडी बीम) सांगितले. (हा आकडा या भिंतीचा, या स्लॅबचा. दुसऱ्या घरात तसाच उचलू नये.) क्रम असा होता. दोन्ही खोल्यांत भिंतीपासून दोन फुटांवर, ३ फुटांच्या अंतराने जॅक उभे केले. त्यांच्या खाली आणि वर फळ्या. जॅक फक्त टेकवायचे, स्लॅब वर ढकलायचा नाही. ढकलला तर वरच्या घरातली फरशी तडकते. मग ८ फुटांच्या उंचीवर एका बाजूने खाच पाडून पहिला चॅनल आत सरकवला, दोन्ही टोकांना ८ इंच टेकण काँक्रीटच्या बेडब्लॉकवर, आणि सांध्यात न आकसणारा ग्राउट ठासला. तीन दिवसांनी दुसऱ्या बाजूने तेच. दोन्ही चॅनल दीड-दीड फुटावर १२ मिलिमीटरच्या बोल्टने एकमेकांना जखडले. आणखी सात दिवस थांबून मग खालची भिंत उतरवली; वरून खाली, विटेने वीट, ब्रेकर मशीन न लावता. ब्रेकरचे हादरे चुन्याच्या जोडणीत लांबवर जातात आणि शेजारच्या खोलीतलं प्लास्टर सोडवतात.

सात बाय आठ फूट भिंतीचं राबिट, म्हणजे पाडकामाचा मलबा, दिसतं त्यापेक्षा फार असतं : सुमारे दीड टन, पंचवीस किलोच्या साठ गोण्या. त्या खोलीच्या मध्यभागी रचून ठेवल्या की ज्या स्लॅबची काळजी घेतली त्याच्यावरच सगळं ओझं. इथे रोजच्या रोज खाली उतरवल्या.

परवानगीचं थोडक्यात. रंग, फरशी, नळ, वायरिंग ही राहत्या घराची दुरुस्ती. भिंतीत उघडीप आणि लोखंडी बीम ही तशी नाही. त्यासाठी इंजिनीअरचं पत्र आणि नकाशा घेऊन सोसायटीचं ना-हरकत पत्र घेतलं, आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज केला. इमारत पागडीची असेल तर मालकाचं लेखी पत्र लागतं, आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचाही संबंध येतो. (१ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती ‘अ’ वर्गात मोडतात.)

फरशी : काढणं, भरणं, घासणं

या फरश्या भाजलेल्या नाहीत, दाबलेल्या आहेत. साच्यात वर रंगीत सिमेंट आणि संगमरवरी पुडीचा थर, खाली साधं सिमेंट-वाळू, मग दाब आणि पाण्यात मुरवणं. मुंबईच्या भारत फ्लोअरिंग्जने १९२२ पासून स्वदेशीच्या भरात त्या बनवायला घेतल्या. इथली फरशी कोणाची ते कळलं नाही; मागच्या बाजूला शिक्का नव्हता.

महत्त्वाचा आकडा रंगाच्या थराचा. फुटलेल्या फरशीची कड पुसून मोजली : कपाटाखाली ४ मिलिमीटर, दाराच्या वाटेवर जेमतेम २. संगमरवर घासणारा माणूस त्याचं जड मशीन आणून ६० नंबरच्या दगडाने सुरुवात करतो. दाराजवळ त्याने चार फेऱ्या मारल्या असत्या तर विटकरी अष्टकोनातून खालचं करडं सिमेंट दिसू लागलं असतं. ते परत आणता येत नाही.

दोन्ही खोल्यांत मिळून ३७ फरश्या बदलायच्या निघाल्या : काही फुटक्या, काही एका जुन्या नळाच्या चरात सिमेंटने लिंपलेल्या. नव्या फरश्या जुन्या तुकड्यावरून करून घेतल्या. नमुना देताना तुकडा कोरडा आणि ओला दोन्ही दाखवला, कारण नवी फरशी ओली असते तेव्हाच जुळल्यासारखी वाटते. मुरवण धरून सहा आठवडे लागले. रंग नव्वद टक्के जुळला, आणि उरलेले दहा टक्केच डोळ्यांत खुपतात. म्हणून नव्या फरश्या खोलीच्या मध्ये लावल्याच नाहीत. शिसवी कपाटाखालच्या आणि दिवाणाखालच्या चांगल्या जुन्या फरश्या काढून मध्ये आणल्या, आणि नव्या त्यांच्या जागी कपाटाखाली गेल्या. काम दुप्पट होतं. करावं.

काढताना चूक होते ती पहारीची. दोन फरश्यांमधली सांध एक मिलिमीटरही नसते. पटाशी घालायला जागा नाही. फुटकी फरशी मध्यभागी फोडायची, मधून कडेकडे सोलत यायचं आणि शेजारच्या फरशीवर टेकू कधीच घ्यायचा नाही. एक फरशी मोकळी झाली की मग पुढची तिच्या बाजूने, खालून, सपाट पटाशीने उचलते. खाली चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटेची पूड) दीड इंची थर होता, म्हणूनच त्या आल्या. काढलेल्या ४५ चांगल्या फरश्यांपैकी ६ फुटल्या. पहिल्या दिवशी चार, नंतर मिस्त्रीचा हात बसला.

परत बसवताना खाली चुना-सुरखी-वाळूचाच माल, त्यात थोडं पांढरं सिमेंट. टाइलचा गोंद वापरला असता तर काम पटकन झालं असतं, पण पुढच्या वेळी फरशी सुटी निघणार नाही, तुकडेच निघतील. बसवण्याआधी फरशी पाण्यात भिजवायची. कोरडी फरशी मालातलं पाणी शोषते आणि पोकळ वाजते.

आता तो सहा इंची पट्टा. ठरलं होतं गडद करड्या टेराझोचं, दोन्ही कडांना ३ मिलिमीटर पितळी पट्टी. गवंड्याने जागेवरच ओतायला घेतलं आणि पहिल्या दोन फुटांतच गोची झाली. सातव्या दिवशी घासताना निघालेला काळपट चिखल पितळी पट्टीवरून पलीकडे गेला आणि फिकट पिवळ्या फरशीने तो पिऊन टाकला. ही फरशी सच्छिद्र आहे, स्पंजासारखी. डाग काढायला खडूची पूड आणि डिस्टिल्ड पाण्याचा लेप लावून, वर कापड घालून, तो पूर्ण वाळू द्यायचा, असं चार वेळा करावं लागलं. ॲसिडने डाग पाच मिनिटांत गेला असता, फरशीच्या रंगासकट.

मग पद्धत बदलली. गच्चीवर लाकडी साच्यात दोन-दोन फुटांचे तुकडे ओतले : वरचा थर १२ मिलिमीटर, एक भाग सिमेंटला दोन भाग ३ ते ६ मिलिमीटरची संगमरवरी खडी. तिथेच मुरवले, तिथेच घासले, आणि तयार तुकडे खाली आणून बसवले. ११ मिलिमीटरचा फरक त्या सहा इंचांतच उतरवला. उतार पायाला कळतो, ठेच लागत नाही. आजोबांची काठी हीच याची परीक्षा होती. ती कुठे अडत नाही हे पाहूनच तुकडे पक्के केले.

सगळ्या फरशीची घासाई शेवटी : हलकं सिंगल डिस्क मशीन, डायमंड पॅड २२० पासून, मग ४००, ८००, १५००. चिखल लगेच ओढून घ्यायचा. तीन दिवस पंखे लावून सुकवलं आणि आत मुरणारा सिलेन-सिलोक्सेन सीलर दोन हात. वरून चकचकीत पीयूचा (पॉलियुरेथेनचा) पापुद्रा चढवायचा नाही. खालची वाफ अडते आणि पापुद्रा पांढरा पडून सुटतो.

काम चालू असताना फरशी झाकायची मुंबईतली रीत म्हणजे प्लास्टिक अंथरून वर पीओपीचा लेप. व्हिट्रिफाइडला चालतं. सिमेंटच्या फरशीवर प्लास्टिकखाली घाम धरतो आणि महिन्याभरात ढगांसारखे डाग उमटतात. इथे जाड पुठ्ठा आणि वर ६ मिलिमीटर प्लाय टाकला, आणि दर रविवारी एक कोपरा उघडून पाहिला.

ओल आणि रंग

पश्चिमेच्या भिंतीला कमरेपर्यंत ऑइल पेंट आणि वर पीओपी पनिंग (पीओपीचा पातळ गुळगुळीत थर) होतं. दोन्हींचे पोपडे निघत होते आणि आत लोणा (ओलीने वर येणारं मीठ) लागला होता. घरच्यांचा समज, खालून ओल चढतेय. पहिल्या मजल्यावर खालून काय चढणार? बाहेरच्या छज्जाच्या सांध्यातून पावसाचं पाणी भिंतीत जात होतं आणि आतल्या ऑइल पेंटमुळे बाहेर पडायला वाट नव्हती. आधी छज्जा दुरुस्त केला. मग आतलं सगळं खरवडून विटेपर्यंत नेलं, आणि एक भाग चुना, तीन भाग वाळू, थोडी सुरखी असं १२ मिलिमीटर प्लास्टर दोन थरांत केलं. दहा दिवस पाणी, नंतर पाच आठवडे नुसतं थांबणं. हे थांबणं कोणालाच आवडत नाही. रंगाऱ्याला तर नाहीच. वर चुन्याचाच रंग, चुनखडी पांढरा. नव्या-जुन्याचा मेळ घालायचा तो रंगाच्या पत्त्यावरून घालू नये. या घरात रंग आधीच ठरलेले होते, फरशीत. स्वयंपाकघराच्या दरवाज्यांना अष्टकोनांमधला करडा-हिरवा, एका उशीला विटकरी, बाकी भिंती पांढऱ्या. संपलं.

दारं अस्सल बर्मी सागाची, सात दारं, प्रत्येकावर रंगाचे सहा-सात थर. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असतंच असं धरून चालावं. घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. हे रंग त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून कोरडा पॉलिश पेपर नाही, हीट गन नाही. पेंट रिमूव्हर लावून खरवडलं, मग ओला पेपर, आणि ते दिवस नात मामाकडे. बाजारात दारं कॉस्टिकच्या हौदात बुडवून देतात, स्वस्तात. सागवान त्याने काळवंडतं, रेषा उभ्या राहतात आणि सांध्यातला सरेस विरघळतो; वर्षभरात पॅनल खडखडायला लागतात. आतून लाखेचं पॉलिश हाताने, सात-आठ हात. पितळी कड्या-बिजागऱ्या चिंचेने उजळून परत त्याच भोकांत, फक्त स्क्रू एक नंबर मोठे.

वायरिंग भिंतीवरच

मूळ वायरिंग लाकडी केसिंग-कॅपिंगमधलं (भिंतीवरच्या झाकणाच्या लाकडी पट्टीतलं), नंतर त्यात ॲल्युमिनियमच्या वायरी घुसडलेल्या, मीटरपाशी चिनी मातीचे फ्यूज, अर्थिंग फक्त दोन ठिकाणी. इथे दोन दीड टनी एसी, दोन किलोवॉटचा गीझर, इंडक्शन आणि वॉशिंग मशीन येणार होतं. बेस्टकडे लोड वाढवून घेण्याचा अर्ज काम सुरू होण्याआधीच दिला.

वायरमन वायरीसाठी भिंतीत झिरी (खाच) मारायला निघाला होता. अर्ध्या विटेच्या, चुन्यात बांधलेल्या भिंतीत आडवी झिरी म्हणजे भिंत कापणंच. काळं जीआय कंड्युट (वायरीची लोखंडी नळी) छताच्या कडेने, कॉर्निसच्या खालून फिरवलं आणि फक्त बोर्डपाशी सरळ खाली उतरवलं. दोन-दोन फुटांवर सॅडल. या काळच्या घरात वायर भिंतीवर दिसायचीच, त्यामुळे हे उसनं वाटत नाही. दिव्यांना १.५, प्लगना २.५, एसी-गीझरला प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांबं, मेनला १०, आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. सागवानी बोर्डावर पितळी टॉगल फक्त दिव्या-पंख्यांना, आयएसआय मार्काचे. प्लग मात्र शटर असलेले आजचेच. लहान मूल असलेल्या घरात जुन्या बेकलाइटच्या सॉकेटचा मोह नको.

पंख्यांच्या दांड्या दोन फुटी केल्या, तेव्हा पाती साधारण नऊ फुटांवर आली. एसीची बाहेरची युनिटं मागच्या गॅलरीत. पुढच्या गोल सज्जावर ती टांगली की आतल्या सगळ्या कष्टांवर रस्त्यावरूनच पाणी पडतं.

त्या सज्जाबद्दल एक सूचना, कारण इथे अपघात होता होता राहिला. सज्जाची फरशी काढून पाणी जाण्याचा नवा ट्रॅप बसवायला प्लंबरने छिन्नी लावली होती. बाहेर झेपावलेल्या सज्जाच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात, खाली नाही. वरून खोदलं म्हणजे सज्जा ज्यावर तोललाय तेच कापलं. दोन इंचांवर काम थांबवलं. सळई दिसली नव्हती. खड्डा पॉलिमर मॉर्टरने भरला, ट्रॅप जुन्याच जागी राहिला.

मोरी

न्हाणीघर आणि संडास बाहेरच्या भिंतीला, कारण बिडाचा उभा पाइप तिथे. कमोड त्या भिंतीवरून हलवला नाही. पहिल्या मजल्यावर स्लॅब खाली दाबलेला नाही, आडव्या पाइपला ४० इंचांना एक इंच उतार द्यायचा तर फरशी अर्धा फूट चढवावी लागली असती. सगळं स्लॅबपर्यंत उघडं करून पाणी अडवणारे पॉलिमर-सिमेंटचे दोन थर, भिंतीवर फूटभर, शॉवरकडे सहा फूट. दोन इंच पाणी ७२ तास भरून ठेवलं आणि खालच्या काकूंना रोज सकाळी छत बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला : “अहो, कोपऱ्यात काळं दिसतंय.” नहाणी ट्रॅपच्या गळ्याशी थर नीट चढला नव्हता. फरशी बसल्यावर हे कळलं असतं तर सगळं परत उखडावं लागलं असतं. इथल्या टाइल्स साध्या, पांढऱ्या, नव्या. जुन्या फरशीची छापील नक्कल न्हाणीघरात लावायची फॅशन आहे; खरी नक्षी दहा पावलांवर असताना ती केविलवाणी दिसते.

स्वयंपाकघरात वाद मोरीचा झाला. सुनेला ती काढून तिथे मशीन हवं होतं. सासूबाईंचं म्हणणं, “मोठी कढई काय त्या सिंकमध्ये घासायची? मोरी काढलीत तर कुकरही तुम्हीच लावा.” मोरी तीन बाय तीनची होती, ती दोन बाय अडीच केली, कडेला चार इंची कडप्प्याचा कट्टा, तळाला खरखरीत शहाबादी, आणि उरलेल्या फूटभर पट्टीसह शेजारच्या फडताळाच्या जागेत वॉशिंग मशीन. जुन्या ओट्याचा कडप्पा कापून फळ्या केल्या.

मॉड्युलर कपाटं मागवताना सुताराने ओळंबा आणि गुण्या लावून दाखवला : भिंत आठ फुटांत २८ मिलिमीटर झुकलेली, कोपरा काटकोनाला कमी. कारखान्यातून मापात आलेलं कपाट अशा कोपऱ्यात वर चिकटतं आणि खाली बोटभर फट सोडतं. प्रत्येक टोकाला दोन इंची पट्टी जास्त ठेवून ती जागेवर भिंतीच्या रेषेप्रमाणे रंधली. प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा, आयएस ७१०. मुंबईच्या हवेत एमडीएफ नको. कपाटं भिंतीला चिकटवलेली नाहीत, स्क्रूने अडकवलेली आहेत.

फर्निचरला एकच नियम ठेवला : फरशीची किनार तुटता कामा नये. नवा सोफा सात इंच उंच बारीक पायांचा, त्याखालून नक्षी सलग दिसते. आजोबांची आरामखुर्ची आणि शिसवी कपाट जिथे होतं तिथेच. टीव्हीमागे पॅनल नाही, नुसता भिंतीवर.

एका पावसाळ्यानंतर

काम जानेवारीच्या मध्याला सुरू झालं, मेअखेर संपलं. ऑक्टोबरात तपासणी केली तेव्हा हे सापडलं. पश्चिमेच्या भिंतीला खिडकीखाली वीतभर पट्ट्यात परत लोणा. ब्रशने कोरडा झाडला, पाण्याने पुसला नाही, कारण पाण्याने मीठ परत आत जातं. प्लास्टर शाबूत होतं. दोन दारं फुगून अडकत होती. लगेच रंधा मारायचा नाही असं आधीच सांगितलेलं, दिवाळीपर्यंत ती आपोआप सैल झाली. चॅनलच्या उजव्या टोकाशी केसाएवढी उभी भेग, प्लास्टरपुरती. तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहिली, तीन महिन्यांनी काच अखंड होती.

आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर तीन फरश्यांवरचा रंग उडालेला. नव्या कामवाल्या बाईंनी संडास धुतल्यावर उरलेलं ॲसिड तिथेच ओतून पुसलं होतं. घरात तेवढीच बाटली शिल्लक होती, ती फेकली. त्या तीन फरश्या दिवाणाखालच्या तीन चांगल्या फरश्यांशी बदलल्या. दिवाणाखाली आता जुन्या पाचच उरल्यात.